अकरा वांव पाणी

बर्फमामाच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती. तेवढ्यांनीच तो काजूची बी बोंडूपासून इतक्या झटक्यात पिळून काढायचा की आम्ही मागे पडायचो. उरलेली दोन दक्षिण ध्रुवाकडे राहिली, असे तो सांगे.

तरुणपणी तो मुरगावहून निघालेल्या एका जहाजावर खलाशी होता. तिकडे दोन बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत जहाज शिरेल का, हे बघायला जहाजावरच्या साहेबाने त्याला होडीतून पुढे पाठवले. दोरीला शिसे बांधून त्याने खोली मोजली. ओली दोरी बोटांवरच गोठली. "अकरा वांव पाणी!" असे म्हणताना तो दोन्ही हात पसरून एक वांव किती ते दाखवी. "सायबान सांगल्यान, आजपासून ही खाडी तुझ्या नावाची." कोरगावात बोंडूंच्या राशीभोवती बसणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ होते.

"मामा, तुमच्या खाडीत बांगडो गावता मा?" कोणीतरी विचारी. मामा चिडे आणि सगळे खूश होत.

मामाही कमी नव्हता. समोरच्याच्या घरातले उणे तो नेमके काढी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. भूगोल घेतला असे मी सांगितले, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या बापाशीक सही करूक येयना, नि तू माका नकाशे शिकवतंस?" वडील शेजारीच बिया पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात मी ध्रुवीय नकाशांचे पुस्तक शोधून काढले. मामा मातीत काठीने काढून दाखवी तीच दोन बेटे, एक शिंपल्यासारखे, एक कोयत्यासारखे. मधल्या सामुद्रधुनीला नाव मात्र मामा ज्याचे गुण गाई त्या साहेबाचे होते. खाली कारणही दिले होते : होडीने जाऊन प्रथम खोली मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ. मी पानाचा फोटो काढला आणि रविवारी राशीभोवती तो मजकूर मोठ्याने वाचला. लोक पोट धरून हसले.

मामाने एवढेच विचारले, "पाणी किती लिवला हा?"

"वीस मीटर."

त्याने दोन्ही हात पसरले. "अकरा वांव," तो म्हणाला. लोक आणखी हसले.

एक वांव म्हणजे सहा फूट; मी मनात हिशेब केला. अकरा वांव म्हणजे वीस मीटरच. मामा बरोबर होता. सांगायला मी तोंड उघडलेही, पण तेवढ्यात वडील हसताना दिसले, कितीतरी दिवसांनी. मी बोंडू पुढ्यात ओढले.

मामा पुन्हा राशीवर आला नाही. यंदा तो गेला. मुलगा आखातातून यायचा होता, म्हणून त्याला दोन दिवस बर्फाच्या लाद्यांवर ठेवले. अंगणात कोणीतरी पुटपुटले, "गेलो मामा आपल्या खाडीत." बाकड्यावरच्या सगळ्यांनी हसू दाबले. मामाचे अकरा वांव खरे होते, हे आतातरी सांगावे, असे मला वाटत होते. वितळलेले पाणी उंबऱ्यावरून माझ्या चपलांपर्यंत आले, तेव्हा मी पाय मागे घेतले.