नववी ओळ

नाव लिहिण्याआधी शालिकदादा पायातल्या चपला काढायचा. मग ते मारुतीच्या देवळावरचं नाव असो, पंक्चरच्या दुकानावरचं असो, की शेलूबाजारला जाणाऱ्या एखाद्या जीपमागचं मालकाच्या लेकीचं. शिडीखाली चपलांचा जोड दिसला की वर शालिक पेंटर आहे हे गावाला कळायचं. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "दादा, पंक्चरवाल्याच्या पाटीलेही चपला काढतं काय?" वरूनच उत्तर आलं, "तो पंक्चर काढो नाईतं सरकार चालवो, नाव मानसाचंच हाये ना? मानसाचं सोताचं तेवढंच रायते, मेंबर."

मेंबर म्हणजे मी. ग्रामपंचायतीचा सदस्य. पाच वर्षांत मी सभेत दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा बिनसाखरेचा चहा मागायला आणि एकदा जांभई द्यायला. दादा माझा शेजारी, वयानं पंधरा वर्षांनी मोठा, पण मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय रे मेंबर," एवढंच म्हणायचा, आणि त्यात काय काय भरलेलं असे ते माझ्या बायकोला बरोबर कळे. ती पदराआड हसायची.

पंचायतीची नवी इमारत झाली आणि गावच्या सरपंचांची यादी हॉलच्या भिंतीवर नव्यानं लिहायचं काम दादाकडे आलं. क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. आठ नावांपर्यंत सगळं सरळ होतं. आठवे सरपंच मध्येच अपात्र ठरले होते. उपसरपंच होत्या गोकुळाबाई. नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा. सकाळी डोक्यावर मेथीची पाटी, दुपारी पंचायतीत सही. पोटनिवडणूक होईपर्यंत साडेपाच महिने त्यांनी गाव चालवलं. गावाच्या टाकीतून एक चोरटा पाइप बाळाभाऊंच्या संत्र्याच्या बागेत जात होता, सगळ्यांना माहीत होता, आणि आम्ही सगळे त्याच्यावरून पाय उचलून चालत होतो. गोकुळाबाई कुदळ घेऊन स्वतः उभ्या राहिल्या आणि तो तोडायला लावला. त्या उन्हाळ्यात खालच्या आळीत पहिल्यांदा नळाला पाणी आलं. मग पोटनिवडणूक झाली आणि सरपंच झाले बाळाभाऊ. ज्या गावाची तहान भागली त्याच गावानं त्यांना निवडून दिलं. त्यात माझं मतही होतं, हे लपवून काय उपयोग?

बाळाभाऊंनी दादाला बोलावलं. म्हणाले, "शालिक, आठव्याची तारीख जरा पुढं सरकव, अन् नवव्या नंबरवर माह्यं नाव टाक."

"अन् गोकुळाबाई?"

"ते प्रभारी होती. सरपंच नोयती."

"साडेपाच महिने सही कोनाची चालली मंग? आठव्याची तारीख ताणाले मी काय रबर इकतो, भाऊ?"

दादा तिथून तणतणत थेट माझ्या ओसरीवर आला. मी नेमका फोनवर भाच्याशी बोलत होतो. भाचा अमेरिकेत, डेलावेअर नावाच्या राज्यात. केवढं राज्य, तर आपल्या वाशिम जिल्ह्यापेक्षा थोडंसंच मोठं. दादाचा आवाज फोनमधून तिकडे गेला आणि भाचा हसत म्हणाला, "मामा, इथं आत्ताच गव्हर्नरची, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्याचीच म्हणा, मुदत संपायच्या आधी तो दुसऱ्या पदावर गेला. मग उपगव्हर्नर बाई गव्हर्नर झाल्या. फक्त दोन आठवडे. पण यादीत त्यांचं नाव आहे, क्रमांकासकट."

दादानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "नंबर हाये? सोताचा नंबर? दोन हप्त्याच्या बाईले?" भाच्यानं यादी पाठवली. दादाला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं जोखायला भाषा लागते कुठे? त्या ओळीवर बोट ठेवून तो किती तरी वेळ बसला. मग म्हणाला, "पाय ना मेंबर. कोनं ताणलं नाई, कोनं चेपलं नाई. ज्याची जागा त्याले."

ग्रामसभेत तो माझाच फोन हातात घेऊन उभा राहिला. "तिकडं दोन हप्त्याची बाई भितीवर रायते, अन् आपली साडेपाच महिन्याची काहून नाई?"

"शालिक, हे अमेरिका नोय," बाळाभाऊ म्हणाले. सभा खदखदून हसली.

"म्हनूनच तं बोंबलून राह्यलो!"

गोकुळाबाई मागे बायकांत बसल्या होत्या. "राहू द्या दादा," त्या म्हणाल्या, "मले काय भीत चाटाची हाये?" बोलताना त्या भिंतीकडेच बघत होत्या. मग यादीत बाईंचं नाव नको म्हणणाऱ्या सदस्यांना बाळाभाऊंनी हात वर करायला सांगितले. गोकुळाबाईंचा सोडून सगळे वर गेले. माझाही गेला. त्याच सकाळी गोकुळाबाईंच्या मळ्यातली मेथी खाऊन मी सभेला आलो होतो. हात इतका हलका वर गेला की मलाच नवल वाटलं. दादानं माझा फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "घे मेंबर. त्याच हातात धर."

दुसऱ्या दिवशी दादानं यादी लिहिली. आठव्याची तारीख खरी तीच. दहावे बाळाभाऊ. मध्ये नऊचा आकडा, तारखा, आणि नावाची जागा कोरी. ती कोरी जागा भिंतीवर पडलेल्या दातासारखी दिसायची. येणारा जाणारा आधी तिथंच बघायचा. आठ दिवसांत बाळाभाऊंनी वाशिमहून फ्लेक्स छापून आणला. त्यात आठवा लांबला होता, नववे बाळाभाऊ होते, आणि त्यांचा फोटो सगळ्या सरपंचांहून मोठा होता.

फ्लेक्स ठोकायला शिडी हवी, आणि गावात उंच शिडी एकच, दादाची. दादा नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तो मुकाट आला. पायात चपला तशाच ठेवून वर चढला आणि खिळे ठोकले. मी पोचलो तेव्हा फ्लेक्स वरच्या दोन खिळ्यांवर टांगून झाला होता; उरलेल्या खिळ्यांना शिडी मी धरली. मला मनातून संताप आला. स्वतः हात वर करणाऱ्याला दुसऱ्यानं हात टेकलेले चालत नाहीत. हॉलमध्ये ताज्या रंगाचा वास येत होता. खिडक्या रंगवल्या असतील, असं मला वाटलं. "दादा, झुकलास ना शेवटी?" मी म्हटलं. तो खाली उतरला, हातोडी खिशात घातली. "मेंबर, तू शिडी लय मजबूत धरतं," एवढंच बोलला.

त्यानंतर दोन वर्षांनी दादा गेला. अंगणात बसल्या बसल्या, हातात ब्रश धुवायचा डबा. त्याच्या दारावर त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं, हे आम्हाला त्या दिवशी दिसलं.

यंदाच्या उन्हाळ्यात फ्लेक्सनं मान टाकली. खिडकीतल्या उन्हानं बाळाभाऊंचा चेहरा आधी निळा केला, मग पुसला. एक कोपरा सुटून लोंबत होता. मी सहज उचलून आत डोकावलो. नवव्या ओळीत, तेलरंगात, दादाच्या गोल वळणदार अक्षरात नाव होतं: गोकुळाबाई. पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. फ्लेक्स ठोकण्याच्या आदल्या रात्री किल्ली मागून नेऊन त्यानं ते लिहिलं होतं, हे शिपायानं आता कबूल केलं. वास त्याचाच होता. माझ्या पायात चपला होत्या, त्या मी काढल्या.

धावतपळत मळ्यात जाऊन सांगितलं, तर गोकुळाबाई वांगी तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले मालूम हाये. दादानं तवाच सांगतलं होतं. बाई, म्हने, तुमचं नाव बंडीसारखं आतून घातलं. दिसत नाई, पन ऊब देते." मग हातातलं वांगं टोपलीत टाकत त्यांनी विचारलं, "चांगलं दिसते काय?"

"लय चांगलं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. घाम होता असं मी धरून चालतो.

गेल्या सोमवारी पंचायतीची सभा होती. विषय एकच, जुना फ्लेक्स काढून नवा लावणे. बाळाभाऊंनी हात वर करायला सांगितले. माझे दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले आणि पाच वर्षांत तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"भाऊ, लावाचा तं लावा," मी म्हटलं, "पन शिडी मी धरनार नाई. अन् भितीवर काय लिवलं हाये, ते आधी सभेले वाचून दाखवतो."