पट्टी वेगळी, गोळी तीच

लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री बायकोपासून एकच गोष्ट लपवायचे. मधुमेहामुळे शरीर साथ देईना, म्हणून डॉक्टरांनी ताठरतेसाठी लिहून दिलेली गोळी. एकदा दुकानदाराने नेहमीच्या नामांकित कंपनीऐवजी साध्या नावाची जेनेरिक पट्टी दिली. रविवारी दुपारी त्यांनी ती मनात शंका घेऊनच घेतली आणि सगळं फसलं. शरमेने त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"डुप्लिकेट माल दिला त्या दुकानदाराने!" मिस्त्री चिडून म्हणाले.

बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिने चष्मा लावून पट्टी उलटसुलट पाहिली.

"अहो, ही आमच्याच मशीनवरची. सकाळी त्या मोठ्या नावाच्या पट्ट्या भरतो, जेवणानंतर फॉइल बदलून ह्या. गोळी तीच."

मिस्त्रींनी आ वासला. "तीच?"

"तीच. तुमच्या हत्यारांच्या पेटीतली जुनी पट्टीसुद्धा कदाचित मीच भरली असेल."

मिस्त्री चपापले. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच पट्टीतली गोळी तिच्यासमोर घेतली, आणि ती लागू पडली.