साळगावकरची शेवटची कुपी

डोळा लागता लागता मंजिरी बिडवे आपल्या फायद्याचा हिशेब करते आहे. एक लखलखाट मिळाला की पीएचडी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. आणि तो मिळवून देईल अशी वस्तू एकच, प्रयोगशाळेच्या फ्रिजमधली साळगावकरची कुपी.

उद्धव साळगावकर तिचा प्रयोगशाळेतला जोडीदार. गेल्या वर्षी घाटात गाडी उलटून गेला. कुपीतल्या द्रवात त्याच्या हातचे क्वांटम डॉट, म्हणजे पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचे धुळीहून बारीक स्फटिक, इतके एका मापाचे की दाटीवाटीनं वाळवून गारठवले तर सगळे मिळून एकाच क्षणी उजळावेत; तोच तो लखलखाट. पण बाई काटकसरी. कुपी संपू नये म्हणून तिच्यातले चारच थेंब ती स्वतः बनवलेल्या, लहानमोठ्या डॉटमध्ये मिसळते. मग डॉट चमकतात, पण ज्याचे ते, आपापल्या वेळी.

दुपारच्या शांततेत प्रयोगशाळेतला पंप घरघरतो. घरघरीची लेझीम होते. शाळेचं मैदान आहे, पोरं रांगेत, आणि गळ्यात शिट्टी अडकवून साळगावकर. मैदानाला फ्रिजचं दार आहे, याचं तिला काहीच वाटत नाही.

"काय बिडवेबाई, पुरवून पुरवून वापरताय मला?"

"तू गेलायस ना रे?"

"गेलोय की. म्हणून लोणच्यासारखं बरणीत ठेवायचं?"

रांगेत मधे मधे लहानमोठी पोरं घुसली आहेत. छन्, छछन्, छन्. ठेका काही जमत नाही.

"ही कुणाची?" ती विचारते.

"तुझीच! माझी एकटी उभी कर, मग बघ."

"कुपी संपेल."

"संपू दे."

"मग तुझं काय उरेल माझ्याकडे?"

तो शिट्टी फुंकतो. आवाज येत नाही. सगळ्या लेझमी एकदाच वाजतात, मैदान हिरवंगार पेटतं, आणि तो जिन्यात उकिडवा बसून सांगत असतो, "झाकण तिरकं ठेव. हळू वाळू दे."

जाग येते तेव्हा मान आखडलेली. पंप चालूच. समोर कुपी, रिकामी. काचेच्या बशीत सगळा द्रव, वर झाकण तिरकं, अगदी त्याच्या सवयीसारखं. हे कुणी केलं? आपणच? कधी? डॉट ज्याच्या उजेडात चमकतात तो जांभळा दिवा ती लावते. तिच्याच अंगठ्यावर हिरवा डाग चमकतो.

लखलखाट झाला तर पदवी बिडवेबाईंची. वरवर पाहता खर्ची पडला साळगावकर. पण मेलेल्याचं काय जातं? गेलं ते तिचंच, त्याचं तिच्याकडे उरलेलं तेवढं.