काळ्या डोक्यांची माणसं

बारामतीच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी मला सेमिनारला विषय दिला : प्राचीन लोकांची आणि त्यांच्या देशांची नावं कशी पडली. अट एकच. कागद वाचायचा नाही, बोलायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि वर्गात तोवर हजेरीपलीकडे मी तोंड उघडलेलं नव्हतं. सेमिनारच्या दिवशी आजारी पडावं, असं मनात जवळजवळ ठरलंच होतं.

रविवारी वरकुट्याला घरी आले. आई आणि थोरली चुलती भेंडी तोडत होत्या. मीही सरीत शिरले आणि सराव म्हणून मोठ्यानं सुरू केलं, "सुमेर म्हणजे आजच्या इराकातला प्राचीन देश. हे नाव त्या लोकांचं स्वतःचं नव्हे. ते शेजाऱ्यांच्या भाषेतलं. ते स्वतःला 'काळ्या डोक्यांची माणसं' म्हणत."

बांधावर भेंडी निवडत बसलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, टोपी काढली. डोकं पांढरंशुभ्र.

"मंग आमी न्हाय व्हय त्यांच्यात?"

"कलप आनू का आबा?" चुलती म्हणाली आणि आईकडे वळली. "अगं नरसिंगपूरकरीण, तुझी पोरगी म्हाताऱ्या मानसाला देशाभाईर काढतीया बघ!"

आमच्याकडे सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात. आईचं हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आई, माहेरीपण तुला असंच म्हणायचे?"

"तितं कशाला म्हंत्याल? तितं समदीच नरसिंगपूरची. तितं गेलं की मी वरकुट्याची."

हातातली भेंडी हातातच राहिली. पुस्तकात चारदा वाचून जे कळलं नव्हतं, ते हेच होतं. ज्या नावानं परके ओळखतात, त्याची घरात गरजच पडत नाही.

सेमिनारला दोन वाक्यं म्हटली आणि पुढचं सगळं विसरले. मग घाबरत घाबरत आबांची टोपी सांगितली. वर्ग हसला, पण ते हसणं मला लागलं नाही. मग आईची दोन नावं सांगितली. मागून एक मुलगी म्हणाली, "माझ्या आईला भवानीनगरची म्हणतात. तिथं तर साखर कारखान्याची निम्मी कॉलनी बाहेरगावची!" सुमेर या शब्दाचा मूळ अर्थ नक्की सांगता येत नाही, हेही मी न लाजता सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, "मग आबांना काळ्या डोक्यांत घ्यायचं का?" सगळ्यांनी हात वर केले.

संध्याकाळी घरी फोन केला, तर तो आईच्या आधी आबांनीच घेतला.

"बोललीस का?"

"बोलले, आबा."

"आन मला धरलं का न्हाय त्यांच्यात?"

"धरलं. अख्ख्या वर्गानं."

"मंग सांगतो तुझ्या चुलतीला, कलप नगं आनू म्हनून."