आटवलेलं पाणी

आमच्याकडे तान्ह्या बाळाला नुसतं उकळलेलं पाणी देत नाहीत, आटवलेलं देतात. पातेलंभर पाणी मंद आचेवर ठेवायचं, अर्धं उरेपर्यंत. धुळ्याकडून सुरतेला येताना बायकोने सामानासोबत ही रीतही आणली. मुलगा त्यावरच वाढला. नात झाली तेव्हा तिने तेच पातेलं पुन्हा खाली काढलं.

सुनेला दूध पुरत नव्हतं, म्हणून पावडरचं दूध सुरू केलं होतं. डिंडोलीत आमच्या सोसायटीला नळाचं पाणी येतं, पण त्याला औषधाचा वास असतो. बोअरचं पाणी मात्र नितळ, चवीला गोड. सोसायटी उसाच्या जमिनीवर उभी राहिली आहे, आणि कुंपणापलीकडे अजूनही ऊस आहे. हंगामात तिथे युरियाच्या गोण्या उतरताना गच्चीवरून दिसतात.

"नळाचं तुम्ही प्या, बाळाला बोअरचंच," बायको म्हणाली. "आणि मास्तर, गॅस किती जाळतेस हे विचारू नका."

"मी कुठे विचारलं?"

"तोंडावर दिसतंय की."

सून हसली. मी खरंच काही विचारलं नाही. मराठी शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. फळ्यावर माती, वाळू, खडी असे थर काढायचो आणि सांगायचो, यातून झिरपताना पाणी गाळलं जातं. म्हणून उलट मीच म्हणालो, "अर्ध्याच्याही खाली आटव. एक जंतू राहायला नको."

दुसऱ्या महिन्यात बाळाचे ओठ जांभळट दिसू लागले. थंडीचे दिवस होते. आम्ही तिला आणखी एका दुपट्यात गुंडाळलं. चार दिवस असेच घालवले. दवाखान्यात नेलं तेव्हा सुईतून निघालेलं रक्त तपकिरी होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बोरनुं पाणी आपो छो?" बोअरचं पाणी देता का? दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

नंतर त्यांनी मला एकट्याला बाजूला घेऊन समजावलं. खतातलं नायट्रेट पाण्यात विरघळतं. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की ते रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. माती त्याला धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर खाली उतरतं. उकळल्याने मरायला तो काही जंतू नाही. वाफ होऊन पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं. अर्धं आटवलं की दुप्पट दाट.

घरी येऊन मी पुस्तकं काढली. आज टाकलेलं खत खाली पोहोचायला वर्षं लागू शकतात. फवारणीची काही औषधंही तशीच उतरतात. म्हणजे आमच्या बोअरमध्ये जे आलं, ते कदाचित आमच्या इमारतीआधीच्या उसाचं असेल. कोणाला दोष द्यायचा, तेही मला ठरवता आलं नाही.

मी पाणी तपासून घेतलं आणि कागद सोसायटीत दिला. लहान बाळांना हे पाणी देऊ नये, अशी पाटी खाली बोअरच्या मोटरीजवळ लागली. गुजरातीत. बायकोला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मोटर दुरुस्त करणार आहेत." मुलगा तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

ती अधूनमधून विचारायची, "पाणी आटवण्यात कमी तर पडले नाही ना मी?"

"नाही," मी म्हणायचो. तेवढं एक खरं होतं.

आता सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत. काल सकाळी बायकोने पातेलं चिंचेने घासून लखलखीत केलं. "या वेळी पाव राहीपर्यंत आटवीन," ती म्हणाली.

मी तिला खाली मोटरीपाशी नेलं आणि पाटी वाचून दाखवली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती रडली नाही. बराच वेळ पाटीवरच्या, तिला न कळणाऱ्या अक्षरांकडे बघत राहिली.

"आटवलं मी," ती म्हणाली.

"सांगितलं मी. अर्ध्याच्याही खाली."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही इतकी वर्षं पोरांना काय शिकवत होतात?"

मी फळ्यावर काढायचो ते थर तिला सांगू लागलो. वाळूपर्यंत आलो आणि पुढे बोलता येईना.