आप्पा सामान बांधायला आले तेव्हा

मी सोलापूर एकाच सकाळी दोनदा सोडलं. पहिल्यांदा सगळं रीतसर झालं. आईने हातावर दही ठेवलं, आप्पांनी पत्र्याची पेटी स्टँडपर्यंत उचलली, मी खिडकीशी बसून जमेल तेवढा गंभीर चेहरा केला, आप्पांनी हात हलवला आणि गाडी सुटली. गाडी अक्कलकोटची होती. कंडक्टरने स्टँडच्या फाटकापाशीच मला पेटीसकट खाली उतरवलं. परत आलो तर आप्पा तिथंच उभे, जणू मी येणार हे त्यांना माहीतच होतं. कल्याणच्या गाडीची पाटी त्यांनी दोनदा वाचली, मला आत बसवलं आणि म्हणाले, "आता हात हलवणार नाही बे. तो एकदाच असतो."

साल दोन हजार एक. आप्पांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती. आमच्या घरातला इतिहास तसा सुटसुटीत आहे. आजोबांचा हातमाग यंत्रमागांपुढे टिकला नाही, म्हणून आप्पा गिरणीत गेले. गिरणी बंद पडली, म्हणून मी भिवंडीला यंत्रमागावर निघालो. म्हणजे आजोबांना ज्याने उठवलं, त्याच्याच दारात नातू काम मागायला. मंदीचा वास आमच्या घराण्याला बरोबर येतो, फक्त ती घरात येऊन, पाय धुऊन, पाटावर बसल्यावर. आप्पांनी वाटेत एकच गोष्ट बजावली होती. "माग गप्प झाला की वाट बघत बसू नको. मी वर्षभर गिरणीच्या फाटकावर बसलो. काय मिळालं? ऊन."

तुमच्यापैकी जे सोलापूर सोडून सुरतेला, इचलकरंजीला गेलात त्यांना कारखाना काय असतो हे सांगायला नको. जे गावी राहिलात त्यांच्यासाठी सांगतो. भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावी लागे, आणि दोन्ही बाजूंनी खटाखट, खटाखट. आत चोवीस माग एकदम चालायचे. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला वाटायचं तुम्ही जांभई देताय. म्हणून तिथं सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. ओठांपाशी दोन बोटं म्हणजे चहा. कपाळावर आडवा हात म्हणजे शेठ आला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी घाम पुसायला कपाळावरून हात फिरवला की सगळे कामगार ताठ, तंबाखू खिशात, डोळे कापडावर. दिवसातून वीसेक वेळा शेठ यायचा आणि दिसायचा मात्र नाही. शेवटी आमचे जॉबर हनीफभाई, म्हणजे माग दुरुस्त करणारे आणि आम्हा सगळ्यांचे उस्ताद, मला बाहेर घेऊन गेले. "अबे सोलापुरी, पसीना गर्दन से पोंछ. सेठ की उमर बढ़ा रहा है क्या?"

मी मानेवरून घाम पुसायला शिकलो, हिंदीही शिकलो, आणि बिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, भय्या लोकांबरोबर डाळ-भात ओरपायला शिकलो. ज्वारीच्या भाकरीची आठवण यायची, पण डाळीपुढे ती फार वेळ टिकायची नाही. लग्न झालं, मंगल आली, मग मुलगी झाली, पूजा. मंगल दहाव्या वर्षापासून मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन आईबरोबर विड्या वळायला बसलेली. भिवंडीच्या खोलीत तिने पहिल्यांदा पाय पसरून टीव्ही बघितला आणि म्हणाली, "मी आता सूप मांडीवर घेणार नाही. पाखडायलासुद्धा नाही." तांदूळ तेव्हापासून मीच पाखडतो.

मग दोन हजार आठ आलं. अमेरिकेतली कुठलीशी बँक बुडाली असं टीव्हीवर सांगत होते आणि आमच्या गल्लीतला आवाज पातळ होत गेला. अमेरिकेतल्या माणसाला आमच्या कापडाशी काय घेणं, असं मी सगळ्यांना छातीठोक सांगत होतो. तिसऱ्या आठवड्यात बारा माग भंगारवाल्याने टेम्पोत घातले. उरलेल्या बारांवर आम्ही सहा जण. हनीफभाईंनी कुणालाच काढलं नाही, जोड्या लावल्या. एक आठवडा तू, एक आठवडा तो. माझा जोडीदार गोंडा जिल्ह्यातला राममिलन. नियम एकच होता. ज्याला बाहेर काम मिळेल त्याने आपले चारही माग जोडीदाराला सोडायचे. राममिलन रोज माझी चौकशी करायचा. "कुछ मिला, बसंत भाई?" त्यात माझी काळजी किती आणि मागांची किती, हे मी कधी मोजलं नाही. मीही त्याला रोज तेच विचारत होतो.

जवळच्या कशेळीच्या गोदामात माणसं घेतायत असं कळलं म्हणून गेलो. सुपरवायझर म्हात्रे तिथलेच, गावचे. टेबलापलीकडे बसलेले. त्यांनी नाव विचारलं. सात वर्षांची सवय, मी छाती भरून ओरडलो, "वसंत", आणि सोबत हाताने एक खूणही केली.

म्हात्र्यांनी कानात बोट घालून फिरवलं. "भाऊ, मी हितंच हाय. कल्याणला न्हाय."

मी आणखी जोरात माफी मागितली. त्यांनी मला हाताने दरवाजा दाखवला. ती खूण मला लगेच समजली.

त्या दिवशी मी आप्पांचं ऐकायचं ठरवलं. वाट बघत बसायचं नाही. परस्पर शाळेत गेलो, पूजाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि पीसीओवरून आप्पांना फोन केला की दिवाळी झाली की आम्ही कायमचे परत येतो, सामान बांधायला या. घरी येऊन दाखला मंगलपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"मला विचारलंत?"

मी म्हणालो, आप्पा म्हणतात तसं केलं.

"आप्पांनी फाटकावर बसू नको म्हणून सांगितलं. फाटकातनं पळून जा असं कुठं सांगितलं? जा तुम्ही सोलापूरला. विड्या वळा. बोटं लांब आहेत तुमची." मग तिने दाखल्याची घडी घातली. नंतर हळूच म्हणाली, "पूजाला तिथं सुपापाशी बसवायचं असेल तर मी येत नाही."

मला कापडाचे भाव कळत नव्हते, पण हे कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिने माझा वर्ग घेतला. शेजारच्या शबानाचं तान्हं बाळ दुपारी आमच्या दारापाशी झोळीत झोपायचं. मी झोळीशेजारी उभं राहून म्हणायचं, नमस्कार साहेब, मी वसंत. बाळ जागं झालं तर नापास. चार दिवस मी नापास झालो आणि शबानाने आमच्याशी बोलणं सोडलं. पाचव्या दिवशी बाळ झोपूनच राहिलं. मंगल म्हणाली, "आता जा."

दिवाळी झाली होती, शाळा उघडायला तीन दिवस होते. म्हात्रे आवारात उभे होते. लाईट गेलेली, जनरेटर धडधडत होता आणि लांबवर एक ट्रेलर आडवा अडकलेला. ड्रायव्हर केबिनमधून तोंड वेडंवाकडं करून काहीतरी बोलत होता. कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी नमस्कार साहेब म्हणालो, बाळाला म्हणायचो तसा. म्हात्र्यांना तोही ऐकू आला नाही. ते हातवारे करून सगळ्यांना एकच विचारत होते, तो बोलतोय तरी काय. मला तर स्वच्छ दिसत होतं. ओठ वाचायची सात वर्षांची नोकरी माझी. मी पुढे झालो आणि जुन्या आवाजात सांगायला सुरुवात केली. नेमकी तेव्हाच लाईट आली, जनरेटर बंद पडला आणि अख्ख्या आवारात एकटा माझाच आवाज उरला. "तो म्हणतोय, म्हात्र्याला अक्कल नाही, गाडी भलत्याच दाराला लावायला सांगतोय."

हमाल थांबले. ड्रायव्हरने काच वर केली. म्हात्र्यांनी हातातला कागद पाहिला, दाराचा नंबर पाहिला, परत कागद पाहिला.

"बरोबर बोलतंय तो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला कसा कलला?"

मी मागांचं सांगितलं. ते बराच वेळ हसले. "उद्यापासून ये. गाड्या लावायच्या. पन माझ्याबद्दल कोन काय बोलतंय ते मला एकट्यालाच सांगायचा."

राममिलनला आधी सांगितलं. चार माग त्याचे झाले. त्याने दोन बोटं ओठांपाशी नेली आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. या आनंदात आप्पांना फोन करायचं मात्र मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दारात, खांद्यावर सुती दोराची दोन वेटोळी. मंगलने त्यांना पाणी दिलं, दोर खुंटीला टांगला आणि सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "दाखव कसलं काम ते." मी त्यांना कशेळीला नेलं. छतापर्यंत खोके. त्यांनी एकाला हात लावून पाहिला.

"इथं बनतं काय?"

"काहीच नाही, आप्पा. येतं आणि जातं."

त्यांनी मान वर करून छतापर्यंत पाहिलं. "म्हणजे बंद पडायला इथं काही नाहीच."

तसं नसतं, हे मला आता माहीत आहे. खोकेही कमी होतात. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि ते आमच्याकडे महिनाभर राहिले.

आता आम्ही भिवंडीजवळच, कोन गावात राहतो. सोलापूरला गेलो की विचारतात, घर कुठं रे तुझं? तुमच्यापैकी अनेकांना हे विचारत असतील. मी तेव्हा शाळेतला तो सोमवार सांगतो.

शाळा उघडली त्या दिवशी दाखला परत करायला आम्ही तिघं गेलो, पूजाला मध्ये धरून. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हा काय बसचा पास आहे का, नेला आणि आणला? पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करा. कारण लिहा." मी पेन घेतलं आणि मंदीपासून सुरुवात केली. अर्धं पान अमेरिकेतच गेलं. मंगलने कागद ओढून घेतला, माझं सगळं खोडलं आणि खाली, सुपारीएवढ्या अक्षरात, एक ओळ लिहिली. आम्ही कुठेही गेलो नाही.

बाईंनी ती वाचली आणि शिक्का मारला.