डॉलर घटी बसतो

जुनं चांदीचं नाणं घासू नये, हे मी आमच्या सगळ्या नातेवाइकांना शिकवलंय. (त्यांनी विचारलेलं नव्हतं.) "काळेपणा हीच त्याची किंमत," हे मी लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, एकदा दहाव्यालाही सांगितलं. तीन वर्षं अमेरिकन चांदीची नाणी जमवल्यामुळं आमच्या सिडकोतल्या घरात मी तज्ज्ञ आहे. म्हणजे, होतो.

म्हणूनच बजाजनगरचे माझे साडू, भाऊसाहेब, एक शंभर वर्षांपूर्वीचा डॉलर घेऊन आले. कारखान्यातल्या साहेबांनी निवृत्त होताना दिलेला.

"किंमत काढा साडूभाऊ. पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. शुक्रवारी नाणेवाल्याला घेऊन येतो."

नाण्याच्या एका बाजूला मुकुटवाली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड. गरुडाखाली टांकसाळीचं बारीक अक्षर असतं आणि सगळी किंमत त्या अक्षरावर. ते काळ्या थरात दिसेना. भिंग लावलं, बॅटरी मारली. मग वाटलं, एवढंसं घासून बघावं. टूथपेस्ट हाताशीच होती. पाच मिनिटांत अक्षर दिसलं. दुर्मीळ होतं! पण गरुड आता स्टीलच्या वाटीसारखा चकाकत होता, म्हणून मी बाईही घासली. (अर्धवट काम मला जमत नाही.) मग भानावर आलो आणि लग्नात, बारशात सांगितलेलं माझंच वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. घटी बसलेले देव दसऱ्यापर्यंत जागचे हलवत नाहीत. मी डॉलर गुपचूप देवांच्या चांदीच्या टाकांमध्ये ठेवून दिला. म्हटलं, नऊ दिवसांत काही ना काही सुचेल.

आई नवरात्रासाठी देवगाव रंगारीहून आली होती. सकाळी देव मांडताना तिनं विचारलं, "ही कोण रं?"

"लांबची आहे."

"लांबची कशी? डोक्यात गव्हाच्या लोंब्या हायत, कापसाची बोंडं हायत. आपल्याच कडची दिसती."

खरंच आहेत. मी तीन वर्षांत कधी नीट बघितलं नव्हतं. आईनं बाईला विड्याच्या पानावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं.

शुक्रवारी भाऊसाहेब आले, सोबत शहागंजातले नाणेवाले चाचा.

"डॉलर कुठंय?"

"घटी बसलाय," मी म्हणालो.

चाचांनी चपला काढल्या, देवघरापुढं मांडी घातली, भिंग काढलं.

"अम्मा, जरा पलटाके देखना पडेगा. पीछे एक अक्षर रहता."

"देवीला पाठ दाखवू नये म्हणत्यात, अन् तुम्ही देवीचीच पाठ बघायला निघाले?" आईनं समईची वात सारली. "दसऱ्यापस्तोर हलायची नाय."

"श्रद्धेपुढं आपण काय बोलणार," मी म्हणालो. आईचं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदाच पटलं होतं.

चाचा आणखी वाकले. "चेहरा तो लई चमकता. किसने घिसा?"

भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी आईकडं बघितलं. लाज वाटली, पण बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस? मी हात लावला तवाच चकाकत व्हती," आई म्हणाली. "पण मला एक सांग, देवीला टूथपेस्ट कुणी लावली? पैल्या माळेपास्नं कुंकवाला पुदिन्याचा वास मारतोय."

चाचांनी भिंग खिशात ठेवलं. "अब सिर्फ चांदी का भाव," म्हणाले, ताटात दहा रुपये ठेवले, प्रसाद घेतला आणि गेले. भाऊसाहेब देवीला नमस्कार करून त्यांच्या मागोमाग निघाले. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याला मी माझी सगळ्यात चांगली पाच नाणी चाचांना विकली आणि लॅपटॉप बजाजनगरला पोचवला. भाऊसाहेबांनी डॉलर देवीलाच वाहिला. ती अजून आमच्या देवघरात आहे.

नातेवाईक आजही जुनी चांदी घेऊन माझ्याकडंच येतात. नवरात्राच्या आधी तर दारात रांग लागते. किंमत कुणी विचारत नाही. घासून मागतात.